डफाची थाप आणि कायद्याचे कलम

१८९७ सालच्या सप्टेंबरात मुंबई हायकोर्टात एका मराठी कवितेवर बराच खल झाला. कविता 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकात आली होती. नाव 'शिवाजीचे उद्गार'. कवीच्या नावाच्या जागी भवानी तलवारीच्या खुणेचा उल्लेख. शिवाजी महाराज जागे होतात, आपल्या मुलखावर नजर टाकतात आणि जे दिसते त्याने कळवळतात, असा तिचा घाट. ढासळलेले किल्ले, परदेशी गेलेली लक्ष्मी, कापल्या जाणाऱ्या गाई, माणसे मारूनही कोर्टातून सहीसलामत सुटणारे गोरे. रणवीराच्या तोंडी घातलेली ही फिर्याद सरकारला झोंबली. 'केसरी'चे संपादक बाळ गंगाधर टिळक आरोपी झाले. न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांनी नऊ पंचांना, म्हणजे ज्यूरीला, विलक्षण काम सांगितले. हा मजकूर वाचून 'केसरी'च्या वाचकाच्या मनावर स्वाभाविकपणे काय परिणाम होईल, याचा अंदाज त्यांनी करायचा होता. नऊपैकी सहा पंच युरोपीय होते आणि त्यांच्यापुढे कविता आली ती इंग्रजी भाषांतरातून.

मराठी काव्यसमीक्षेच्या पुस्तकांत या प्रसंगाला सहसा जागा मिळत नाही. मिळायला हवी. युद्धाचे गुणगान करणारी कविता ऐकून माणसांचे नेमके काय होते, हा प्रश्न समीक्षकांनी सवडीने चघळला असेल. पण त्याचे उत्तर ठरावीक दिवसांत द्यायचे आणि त्यावर एखाद्याची कैद ठरवायची, अशी वेळ फक्त कोर्टावर आली. एरवी श्रोता मागे काही ठेवत नाही. शाहिराचे नाव कवनाच्या शेवटच्या कडव्यात गुंफलेले असते, छंद आणि भाषा अभ्यासकांच्या हाती लागते; समोर घोंगडीवर बसून ज्याने मान डोलावली तो विरून जातो. त्याचा माग काढायचा तर बिदागीच्या नोंदी, बंदीहुकूम आणि निकालपत्रे चाळावी लागतात.

पहिली नोंद बिदागीचीच आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. त्यावरचा अज्ञानदासाचा (काही जण त्याला अगीनदास म्हणतात) पोवाडा उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो. जिजाबाईंच्या सांगण्यावरून तो रचला आणि त्याबद्दल शाहिराला घोडा व शेरभर सोन्याचा तोडा मिळाला, अशी माहिती त्या पोवाड्याच्याच आधारे सांगतात. इनामाची जाहिरात कवनातच करून ठेवणारा हा शाहीर व्यवहारी असला पाहिजे. पुढच्या दरबारात गाताना या ओळी किती उपयोगी पडल्या असतील! पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते. या युद्धकाव्याचा पहिला श्रोता म्हणजे युद्धात ज्यांचे सर्वस्व पणाला लागले होते ते घराणे. अशा श्रोत्याला लढाईचे वर्णन ऐकून स्फुरण चढवून घ्यायची गरज नसते. त्याला घडलेले नीट नोंदवून हवे असते आणि आपल्या माणसांची नावे चारचौघांत घेतली जावीत असे वाटत असते.

दरबाराबाहेरचा श्रोता वेगळा होता. पोवाडे गावोगाव फिरवले ते मुख्यतः गोंधळ्यांनी. गोंधळ हा देवीचा कुळाचार. लग्नकार्य पार पडले की घरी गोंधळ घालायचा, संबळ-तुणतुण्यावर अंबाबाईला, तुळजाभवानीला आवाहन करायचे, आणि रात्र चढत गेली की आख्यान लावायचे. आख्यान पुराणातले असे, तसे गडकोटांवरचेही. म्हणजे रक्ताच्या चिळकांड्यांची ही कवने बहुसंख्य मराठी माणसांनी ऐकली ती लग्नघरात, हळदीच्या वासात, पोरेबाळे मांडीवर पेंगत असताना. हा तपशील ध्यानात घेतला की तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा इतका का टिकला, याचा उलगडा होतो.

त्या पोवाड्यात तलवार निघायला वेळ लागतो. आधी जिजाबाईंना प्रतापगडावरून कोंडाणा दिसतो, मग सोंगट्यांचा डाव होतो, मग उमरठ्यात तानाजीच्या रायबाचे लग्न निघते. तानाजी आमंत्रण घेऊन येतो आणि मोहीम घेऊन परततो. तिथले त्याचे उत्तर पुढे म्हण होऊन बसले. मांडवाखाली बसलेल्या श्रोत्याला हे सारे आतून कळत होते. अडलेले लग्न, बोलावणे, मान-पान, शेलारमामासारखा घरातला म्हातारा, ही त्याची स्वतःची दुनिया होती आणि लढाई तिच्यात येऊन कोसळत होती. उलट बाजूला उदेभान मात्र राक्षसच. त्याचा आहार अफाट, जनानखाना मोठा, दिमतीला हत्ती. हा मोगलांचा किल्लेदार कमी आणि गोष्टीतला दैत्य जास्त आहे. शत्रूचा असा दैत्य झाला की मारामारीचा हिशेब सोपा होतो. देवीच्या गोंधळात महिषासुराच्या शेजारी त्याला सहज बसवता येते.

मग घोरपडीची कथा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कडा चढून गेले, हे खरे. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांच्या आतली. तिच्यात निवडक मावळे वानरासारखे कड्यावर चढले एवढेच येते. घोरपड पोवाड्यातली. इतिहासकारांनी तिला कितीदा तरी बाहेर काढले, पण ती दोर कंबरेला बांधून पुन्हा गडावर हजर. श्रोत्यांना ती हवी होती. शाहिराने एखादी गोष्ट रचायची आणि समोरच्यांनी ती उचलून धरायची की गाळून टाकायची, हा सौदा दर रात्री नव्याने होत असे. जे कडवे पडले ते दुसऱ्या गावी म्हटले जात नसे. आज छापील पुस्तकात दिसणारा पोवाडा हा शाहिराइतकाच श्रोत्यांच्या पिढ्यांनी संपादित केलेला मजकूर आहे, आणि त्यातली अतिशयोक्ती शाहिराच्या एकट्याच्या माथी मारणे त्याच्यावर अन्यायाचे होईल.

पेशवाईत पोवाडा पुण्यात स्थिरावला. गाणारे सगळ्या जातींचे होते. संगमनेरचा अनंत फंदी ब्राह्मण, वावीचा परशराम शिंपी, जेजुरीचा सगनभाऊ मुसलमान शिकलगार, म्हणजे घराण्याचा धंदा तलवारींना धार लावण्याचा. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईवर पोवाड्यांची रेलचेल झाली. पानिपतावर झाले होते त्यांपेक्षा हे पोवाडे गायला सोपे, कारण हा विजय होता आणि त्यात सामील झालेले सरदार जिवंत होते, दाते होते. कोणाचे पथक किती, कोण कोणत्या बाजूला उभा होता, याच्या लांबलचक याद्या आजच्या वाचकाला कंटाळवाण्या वाटतात. तेव्हा त्या याद्यांनाच भाव होता. आपल्या आडनावाची वाट पाहत बसलेला श्रोता कवनातल्या उपमांकडे फारसे लक्ष देत नसावा. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेला आणि शाहिरांनी त्याच डफावर शोकाचे पोवाडे सुरू केले.

१८१८ नंतर दाते गेले. प्रभाकरासारख्या शाहिरांना आपल्या डोळ्यांदेखत बुडालेल्या राज्यावर विलाप करण्याखेरीज काही उरले नाही. पण गोंधळ्यांचे चालूच राहिले. देवीचा कुळाचार काही कंपनी सरकारने खालसा केला नव्हता.

१८६९ साली एक गंमत झाली. शिवाजी महाराजांवर दोन काव्यग्रंथ एकाच वर्षी छापून निघाले आणि दोघांनी दोन वेगळे वाचक डोळ्यांपुढे धरले होते. महादेव मोरेश्वर कुंटे यांचे 'राजा शिवाजी' हे महाकाव्य इंग्रजी शिकलेल्यांसाठी. त्यात साधी बोली वापरण्याचा कुंट्यांचा आग्रह होता आणि नेमक्या त्याच लोकांनी ती भाषा ओबडधोबड म्हणून नाके मुरडली. जोतीराव फुले यांनी पोवाड्याचा जुना साचा घेतला. संस्कृताचे जड शब्द गाळून कुणबी, माळी, महार, मांग यांना समजेल असे लिहिल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. आपला श्रोता कोण, हे जातवार नावे घेऊन सांगणारा हा बहुधा पहिला मराठी कवी. त्यांच्या पोवाड्यात लढाया आहेतच, पण राजा 'कुळवाडीभूषण' आहे. गोब्राह्मणप्रतिपालक म्हणून त्याला मिरवणाऱ्यांच्या हातून फुल्यांनी तो काढून घेतला. पुढे दीडशे वर्षे महाराष्ट्रात शिवाजी कोणाचा या वादावर जी शाई आणि क्वचित रक्तही सांडले, त्याचा पहिला मसुदा एका पोवाड्यात आहे. तलवार तीच, गड तेच. ऐकणारा बदलला की सगळी लढाई दुसऱ्याच कोणाशी चाललेली दिसू लागते.

आता एका इंग्रज श्रोत्याकडे वळायला हवे. हॅरी आर्बुथनॉट ॲकवर्थ हे सनदी अधिकारी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. माटुंग्यात महारोग्यांसाठी त्यांच्या पुढाकाराने १८९० साली जे आश्रयस्थान उभे राहिले, ते वडाळ्याचे ॲकवर्थ रुग्णालय म्हणून आजही मुंबईकरांना ठाऊक आहे. पण याच माणसाने गोंधळ्यांकडून पोवाडे म्हणवून घेऊन लिहून काढवले, हे फार थोड्यांना माहीत असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी १८९१ साली 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह काढला आणि १८९४ साली काही पोवाड्यांचे इंग्रजी पद्यात भाषांतर करून ते लंडनला छापले. अफझलखानाचा पोवाडा त्यात आहे, सिंहगडाचा आहे. मराठी संशोधकांनी हे काम हाती घेण्याआधी एका इंग्रजाने ते केले याची थोडी खंत वाटते. पुढे यशवंत नरसिंह केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' शोधून त्यांची टिपणांसह छाननी केली, तो काळ १९२८ चा.

ॲकवर्थ यांच्या दृष्टीने पोवाडे म्हणजे नाहीसे होत चाललेले धन होते. मराठ्यांचे राज्य गेले, तलवारी गंजल्या, आता ही गाणी जपून ठेवावीत. असे म्हणायला राज्यकर्त्याची निर्धास्ती लागते. मेलेल्या वाघाचे कातडे भिंतीवर लावण्यात धोका नसतो, तसला हा रसिकपणा होता. त्यात प्रेम नव्हते असे नाही. भाषांतराची मेहनत पाहिली की प्रेम दिसते. पण वाघ मेलेला आहे, हे गृहीत धरलेले होते.

लंडनच्या पुस्तकाला तीनच वर्षे झाली होती. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. शहर प्लेगने पोळलेले, घराघरांत शिरून तपासणी करणाऱ्या गोऱ्या सोल्जरांनी चिडलेले. उत्सवात फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक भानू अफझलखानाच्या वधावर बोलले. तो वध खून ठरतो की नाही, यावर खल झाला आणि टिळकांनीही आपले मत मांडले. भाषणांचा वृत्तांत आणि ती कविता एकाच अंकात आली. आठवड्याने, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीतून राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. मुंबईची अँग्लो-इंडियन वृत्तपत्रे कवितेकडे बोट दाखवू लागली. ॲकवर्थ यांनी प्रेमाने छापलेला तोच अफझलखान आता फौजदारी पुरावा झाला होता.

खटल्यात बचाव असा की, ही इतिहासाची चर्चा आहे. दोनशे अडतीस वर्षांपूर्वीच्या घटनेवर विद्वान बोलतात त्यात राजद्रोह कसला? स्ट्रॅची यांनी पंचांना सांगताना कलम १२४-अ मधल्या अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला आणि कायद्याची पकड एकदम सैल धाग्यांपर्यंत नेली. मजकूर कधी, कोणत्या वातावरणात, कोणाच्या हातात पडला हे पाहा, असाही त्यांचा रोख होता. हा मुद्दा, खरे सांगायचे तर, चुकीचा नव्हता. प्लेगच्या पुण्यात वाचलेली कविता आणि सुखवस्तू दिवाणखान्यात वाचलेली तीच कविता यांत फरक असणारच. चूक होती ती त्या वाचकाच्या मनाचा ठाव घ्यायला बसवलेल्या माणसांच्या निवडीत. १४ सप्टेंबरला सहा विरुद्ध तीन मतांनी टिळक दोषी ठरले. सहा युरोपीय एका बाजूला, तीन भारतीय दुसऱ्या. अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याच मुंबईत टिळकांना ४ ऑगस्टला जामीन मिळाला होता, तेव्हा त्यांच्या बाजूने दिनशा दावर उभे होते. अकरा वर्षांनी न्यायमूर्ती होऊन त्यांनीच टिळकांना मंडालेला धाडले, पण ती हकिकत निराळी.

ज्याने खरोखर गोळी झाडली त्या दामोदर चापेकराचे या विषयावर स्वतःचे मत होते, आणि ते पंचांच्या मतापेक्षा फार वेगळे होते. चिंचवडच्या कीर्तनकाराचा हा मुलगा. बापाच्या मागे उभा राहून साथ करतच तो वाढला होता. काव्याने श्रोता कसा हलतो आणि कसा हलत नाही, हे त्याने रोज पाहिले होते. शिवाजी उत्सवात म्हणायला त्याने श्लोक रचले होते. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात त्यांचा तर्जुमा सापडतो. त्यांचा आशय असा की, भाटासारखी शिवाजीची गोष्ट नुसती म्हणत बसून स्वातंत्र्य मिळत नसते. साहसाला हात घालावा लागतो. वीरकाव्य ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या आणि घरी जाऊन झोपणाऱ्या पुणेकरांवरचा हा राग आहे. सरकारला वाटत होते की कविता माणसाला खुनापर्यंत नेते. चापेकराची तक्रार अशी, की कविता कोणाला कुठेच नेत नाही. दोघांचा पुरावा एकच, निष्कर्ष उलटे.

नाशकात मात्र या प्रश्नाचे गांभीर्य आणखी वाढले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मित्रमेळा या क्रांतिकारी मंडळाची पोरे गणेशोत्सवात, शिवजयंतीला पोवाडे म्हणत असत. विनायक दामोदर सावरकरांनी बाजीप्रभूवर आणि सिंहगडावर पोवाडे लिहिले होते. त्यांवर पुढे सरकारने बंदी घातली. मेळ्याचा आणखी एक कवी गोविंद, म्हणजे आबा दरेकर. तो आधी लावण्या रचणारा, दोन्ही पायांनी पांगळा. रणाशिवाय मुक्ती नाही हे त्याच्या कवितेचे पालुपद झाले ते या संगतीत. स्वतः एक पाऊल टाकू न शकणारा माणूस शेकडो पोरांना कवायतीच्या ठेक्यावर चालवत होता. पोवाड्याची जुनी सभा आणि ही सभा यांत एक मोठा फरक पडला होता. गोंधळाला सगळे घर बसायचे, आजीपासून तान्ह्यापर्यंत. इथे बहुतेक श्रोते सोळा ते पंचविशीतले तरुण, त्यातही शिकणारे. ते कवन ऐकत, पाठ करत आणि स्वतःच म्हणत. गाणारा आणि ऐकणारा यांच्यातले अंतर जवळजवळ नाहीसे झाले होते.

थोरले बंधू गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर, यांनी १९०८ साली 'लघु अभिनव भारत माला' नावाची अठरा कवितांची छोटी पुस्तिका काढली. त्यांतल्या चार कवितांवर खटला झाला. यावेळी राजद्रोहाच्या जोडीला कलम १२१ लावले होते, राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याचे व त्यास चिथावणी देण्याचे. जून १९०९ मध्ये नाशिकच्या कोर्टाने जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली. एका चोपड्यातल्या कवितांसाठी जन्मठेप! अपील मुंबई हायकोर्टात गेले आणि ८ नोव्हेंबरला निकाल लागला. या वेळचा वाचक स्ट्रॅचींच्या पंचांसारखा परका नव्हता. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर मूळचे होनावरचे, प्रार्थना समाजाचे पुढारी, १९०० सालच्या काँग्रेसचे अध्यक्ष. संतांच्या अभंगांवर प्रवचने करणारा हा माणूस. मराठी पद्य वाचायला त्याला दुभाष्या लागत नव्हता.

बचावाचे म्हणणे, कवितांत देव-दानवांच्या आणि शिवाजीच्या कथा आहेत, त्यांचा अर्थ पौराणिक व आध्यात्मिक घ्यावा. चंदावरकरांनी ते फेटाळले. देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे निमित्तमात्र आहेत. सरकार परके आहे म्हणून तलवार उचला, हाच त्यांचा सांगावा आहे. गीतेतली तत्त्वे बाहेरून आणून अर्थ लावायची गरज नाही. मराठी जाणणाऱ्या कोणालाही यातून ब्रिटिश सरकारविरुद्ध युद्धाचा उपदेशच ऐकू येईल, असे त्यांनी लिहिले. शिक्षा कायम झाली.

न्यायमूर्तींचे वाचन अचूक होते, हे मान्य करायला हवे. त्या कविता ज्यांनी पाठ केल्या त्यांनाही हेच ऐकू येत होते आणि त्यांनी ते पुढे आनंदाने कबूलही केले. शिक्षा मात्र राक्षसी होती. अर्थ बरोबर लावणे आणि त्या अर्थाची किंमत माणसाच्या आख्ख्या आयुष्यात मोजणे या दोन गोष्टींमध्ये जी दरी आहे, ती त्या निकालपत्राने एका ढांगेत ओलांडली.

परिणाम उलटा झाला. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन निरोपादाखल तिथे आले होते. बाबारावांना खटल्यासाठी कोर्टाच्या स्वाधीन करणारे तेच. औरंगाबादेत शिकणाऱ्या अनंत कान्हेऱ्याने त्यांना गोळ्या घातल्या. कवितेने जे केले नव्हते ते कवितेच्या शिक्षेने केले. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आणि मारला गेलेला जॅक्सन कोण, तर संस्कृत जाणणारा, लोकांत 'पंडित' म्हणून ओळखला जाणारा अधिकारी, ज्याने कोकण-गुजरातच्या लोकरूढींची आणि लोककथांची टिपणे गोळा केली होती. त्याच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी ती संपादून छापली. एका हाताने लोकवाङ्मय गोळा करायचे आणि दुसऱ्या हाताने ते म्हणणाऱ्याला कोर्टात उभे करायचे, ही ॲकवर्थ यांच्या काळात वेगवेगळ्या टेबलांवर चाललेली कामे जॅक्सनच्या बाबतीत एकाच माणसाकडे आली होती.

यानंतर पोवाड्याची छपाई अवघड झाली, पण पाठांतराला छापखाना लागत नाही. सावरकरांच्या पुस्तकांवरची बंदी १९४६ सालापर्यंत टिकली. तोवर सिंहगडाचा पोवाडा तोंडी फिरत होता.

पुढचा मोठा टप्पा अनपेक्षित ठिकाणी आहे, व्होल्गेच्या काठी. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ स्टालिनग्राडची लढाई चालली आणि वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईत आलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी तिच्यावर पोवाडा रचला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात, गिरणगावात तो गाजला. ज्यांनी बर्फ पाहिलेला नाही अशा माणसांपुढे लाल सेनेची ही लढाई डफ-तुणतुण्यावर उभी राहत होती आणि झीलकरी 'जी जी' करत होते. गिरणी कामगार तानाजीचा पोवाडा ऐकत मोठा झालेला होता. गल्लीगल्लीत, घराघरात लढणारे शहर हे त्याला गड लढवण्यासारखेच वाटले असावे. साचा ओळखीचा असला की परदेशही फार लांब राहत नाही.

पण हा पोवाडा सगळ्यांना ऐकवत नव्हता. १९४२ चा ऑगस्ट म्हणजे 'चले जाव'. कम्युनिस्ट पक्षाने महायुद्धाला लोकयुद्ध ठरवून इंग्रजांच्या बाजूचे धोरण घेतले होते. तुरुंगात गेलेल्या, भूमिगत झालेल्या कार्यकर्त्यांना लाल सेनेच्या पराक्रमावर थाप मारणारा डफ कानाला बोचत होता. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच कवनावर काही माणसे मुठी आवळत होती आणि काही पाठ फिरवत होती. या दुसऱ्या जातीच्या श्रोत्याकडे मराठी लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारसे पाहिलेले नाही. पाठ फिरवणाराही श्रोताच असतो.

१९४४ साली अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, तेव्हा हेच लोक तमाशाला लोकनाट्य म्हणून तो पुढे नेत राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांच्या आवाजाला लाखांची गर्दी जमू लागली. रणाची सगळी भाषा त्या पोवाड्यांत शाबूत होती, किल्ला मुंबई होता आणि समोर शत्रू म्हणून मोरारजी देसाईंचे सरकार. गोळीबारात १०५ ते १०७ माणसे गेली, म्हणजे या रूपकातली एक बाजू रूपक राहिली नाही.

स्टालिनग्राडच्या पोवाड्याचे रशियन भाषांतर झाले आणि अण्णा भाऊंचे नाव तिकडे पोचले. १९६१ साली ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले. 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक त्यातूनच निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्टालिनचे नाव पुसण्याच्या मोहिमेत त्या शहराचे व्होल्गोग्राड झाले. आज हा पोवाडा मुख्यतः अण्णा भाऊंच्या समग्र वाङ्मयात वाचला जातो आणि वाचणारा बहुधा विद्यापीठातला विद्यार्थी असतो. त्याला लाल सेनेच्या डावपेचांपेक्षा वाटेगावच्या पोराने व्होल्गेचे पाणी डोळ्यांपुढे कसे उभे केले, याचेच अप्रूप जास्त असते.